जेवणाची सुट्टी

छापखान्याचं तेलाचं इंजिन तापायला फार वेळ घेई, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीतही चालूच ठेवत. १९३८च्या कार्तिकातल्या त्या दुपारी इंजिनाशेजारचे कागद पेटले. अंगणात जेवत बसलेला देवराम भाकरी टाकून आत धावला. दाट धुरात चाचपडतच त्यानं तेल बंद केलं, यंत्राचा पट्टा उतरवला आणि आगीला वारा मिळू नये म्हणून खिडक्या-दारं बाहेरून गच्च लावली.

"आत कोणी राहिलं नाही ना रे?" मालकांनी विचारलं.

"जेवायच्या टायमाला आत कोण असणार, मालक?"

आग आतल्या आत गुदमरून विझली. यंत्रं वाचली. मालकांनी देवरामची पाठ थोपटली.

तेवढ्यात जोडीदार सोमा म्हणाला,

"देवरामभाऊ, आपल्या कादरचाचांचे रोजे चालू हायेत. ते जेवायला बाहेर आलेच नव्हते."