न रंगवलेला रस्ता

डेल्मरने पिवळ्या पेनाचं टोपण दातांनी काढलं. एका हाताने स्टिअरिंग धरून त्याने दुसरा हात बायकोच्या मांडीवर उघड्या पडलेल्या नकाशांच्या पुस्तकाकडे नेला.

"जरा घट्ट धर ना, रोझ. हलतंय."

"रस्ता हलवतोय," रोझलिन म्हणाली.

डांबर नुकतंच मागे सुटलं होतं. खाली खडी, दोन्हीकडे करडी झुडपं, मागे धुळीचा लोट. नेवाडा राज्याचं हे पान तिने आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. खाणींकडे जाणारे, झऱ्यांकडे जाणारे, कुठेच न जाणारे, सगळे रस्ते पिवळे होते. ज्या रस्त्यावरून डेल्मर एकदा गाडी नेई, तो रंगवून टाकी. कुत्रं खांबापाशी पाय वर करतं त्यातलाच हा प्रकार, असं तिचं मत होतं. पानावर एकच रेघ पांढरी उरली होती, आणि गाडी तिच्यावरूनच चालली होती.

"महामार्गावर काम चाललंय म्हणालास."

"हो."

"कुठे?"

"असेल पुढे कुठेतरी. नेहमीच असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ईलीच्या इस्पितळातून तिच्या धाकट्या बहिणीला, नोरीनला, आज दुपारी विमानाने सॉल्ट लेकला हलवणार होते. हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. विमानात नातेवाइकांना जागा नव्हती. 'मी निघायच्या आत ये,' एवढंच नोरीन फोनवर म्हणाली होती.

"काम नाहीच आहे," रोझलिन म्हणाली. "तुला ही रेघ हवी होती."

"अगं, इथूनही ईलीलाच जातो आपण. अंतर बघ, उलट कमीच आहे. नोरीन काय पळून जातेय?"

"विमान जातंय."

"ती विमानं कधी वेळेवर येतात? आणि या बाजूला पुन्हा कधी येणार आपण?"

तिने पान पाहिलं. अंतर खरंच कमी होतं. पण पुढे डोंगर होता, आणि उंचीच्या तपकिरी रेघा तिथे इतक्या दाटल्या होत्या की मधला कागद दिसत नव्हता. रस्ता त्यांना छेदत वर चढत होता. म्हणजे वळणामागून वळण आणि गोगलगायीची चाल. मागचा डांबरी रस्ता मात्र सपाटीवरून सरळ गेला होता, आणि तो इथून जेमतेम दोन बोटांवर होता. इतकी वर्षं डेल्मरने हे पुस्तक रंगवलं होतं. वाचलं कधीच नव्हतं.

गुरांच्या कुंपणाचं फाटक आडवं आलं तसा तो हरखला.

"बघ, हे नकाशात नाहीच! उतर, उघड."

फाटक उघडायचं आणि गुरं सुटू नयेत म्हणून पुन्हा लावायचं काम शेजारी बसणाऱ्याचं असतं.

"गुडघा आखडलाय. तूच जा."

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

तो कुरकुरत उतरला. फाटकाची खूण करायला पुस्तक आणि पेन बरोबर घेऊन गेला. साखळी सोडून त्याने फाटक ढकललं, पुस्तक बगलेत मारलं आणि 'ये, ये' असा हात हलवू लागला.

रोझलिन त्याच्या जागेवर सरकली होती. पाण्याचा भरलेला कॅन तिने खिडकीतून खाली सोडला आणि गाडी मागे घेतली.

"अगं, पुढे! पुढे घे!"

तिने गाडी वळवली.

"रोझ! अगं, मी कसा येऊ?"

"नकाशा आहे ना तुझ्याकडे?"

खडी उडाली. आरशात तो दिसत होता. आधी त्याने फाटक ओढून घेतलं. साखळी अडकवली, नीट बसली का ते हिसका देऊन पाहिलं. मग तो पळत सुटला.