वजनाची खुर्ची

काचेपलीकडच्या मेणाच्या जॉकीकडे बघून सिरिलने नाक मुरडलं.

"पोट बघ याचं! असल्या ढेरपोट्याला आम्ही तबेला झाडायलाही ठेवलं नसतं."

"मेणाचा आहे तो, डॅड," त्याची मुलगी हेझल म्हणाली.

न्यूमार्केटच्या शर्यतींच्या त्या संग्रहालयात सिरिल टेबटच्या तोंडातून कोणीही सुटलं नव्हतं. चित्रकारांना घोडा कळत नव्हता, चषकवाले सगळे नशिबाने जिंकले होते. ऐंशी ओलांडलेल्या या जुन्या जॉकीचा नुसता सापळा उरला होता, जीभ तेवढी धडधाकट होती. हेझल आज सगळं हसण्यावारी नेत होती. सकाळी दवाखान्यात बाप आठ स्टोन, म्हणजे जवळजवळ एक्कावन्न किलो, भरला होता. तेवढा भरला नाही तर त्याची रवानगी वृद्धाश्रमात करा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. दोन महिने ती त्याला साय घालून लापशी, लोण्यातली अंडी, पुडिंग असं करून करून घालत होती. तिच्या कष्टांचं चीज झालं होतं, म्हणून तर ही सहल.

पुढच्या कपाटात खिशाखिशांचं एक कापड होतं. खिशांत शिशाच्या पट्ट्या.

"हे कशाला?"

"हलक्या पोरांचे लाड. ठरलेल्या वजनाला कमी पडला जॉकी, की शिसं घालून भर करायची. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. मी भूक मारून वजन उतरवायचो. तुझी आई समोर बसून बटाटे चापायची आणि मी नुसता बघायचो. खादाडांची जातच वेगळी."

हेझलने तेही ऐकून घेतलं.

दालनाच्या टोकाला जॉकींचं वजन करायची जुनी खुर्ची होती. बसून पाहा, अशी पाटीही होती. एक लठ्ठ गृहस्थ बसला, काटा गरकन फिरला आणि तो स्वतःच खदखदून हसला. सिरिलला ते सहन होईना.

"सरका. आता जॉकी बघा."

त्याने बूट काढले, टोपी काढली. मग तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि हेझलच्या हातात दिली. काट्यावर चढताना दातांचंसुद्धा वजन नको, ही त्याची जुनी सवय. कोटाच्या बटणापाशी मात्र त्याचा हात थबकला. लठ्ठ गृहस्थ बघत होता. सिरिलने कोट काढला आणि हेझलकडे टाकला.

कोटाच्या ओझ्याने तिचे हात खाली गेले.

"शाडेशात!" खुर्चीतून बोळकं ओरडलं. "शेवटची शर्यत मारली तेव्हाही इतका उतरलो नव्हतो!"

गृहस्थाने टाळ्या वाजवल्या. हेझलने कोटाचं अस्तर चाचपलं. उसवून पुन्हा काळ्या दोऱ्याने शिवलेलं. आत चपट्या, गार पट्ट्या. थंडी वाजते म्हणून सकाळी नर्सला त्याने कोटाला हात लावू दिला नव्हता. शेजारचं कुत्रं अलीकडे अंगाने एवढं का सुटलंय, तेही तिला आता कळलं. तिला रडू आलं नाही. किळस आली.

ती कोट घेऊन तडक निघाली. बाप बूट चढवून मागोमाग आला, तोवर तिने उपाहारगृहात केकचा मोठा तुकडा मागवला होता. सुरीने ती कोटाचं अस्तर टरकावत होती.

"मला नको हां केक," सिरिल म्हणाला आणि मग त्याचं लक्ष सुरीकडे गेलं.

हेझलने केकची बशी आपल्याकडे ओढली. दुसऱ्या बशीत शिशाची एक पट्टी ठेवून ती त्याच्यापुढे सरकवली. शेजारी रुमाल ठेवला.

"दात बसव," ती म्हणाली, "आणि खा."

मग ती मोठमोठे घास घेत केक चापायला लागली. सिरिल नुसता बघत राहिला.