लाटांची नखं

हाताला कंप सुटला आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारे बाबा लेकीच्या नेल पार्लरमध्ये कोपरा धरून बसले. एकदा घाईगर्दीत लेकीने त्यांना एका बाईच्या ओल्या नेलपॉलिशवर चुंबक धरायला सांगितलं. चुंबकाने या पॉलिशमधली लोहकणांची चमक ओढली जाते आणि नखावर सरळ रेघ उमटते. बाबांच्या हाताखाली मात्र रेघेच्या लाटा झाल्या. ते ओशाळून कोपऱ्यात परतले.

आठवड्याने तीच बाई मैत्रिणीला घेऊन हजर. "हिलाही अश्शाच लाटा हव्यात!"

लेकीने मुद्दाम हात हलवून पाहिला, दोनदा पुसून पुन्हा पाहिला. नुसता राडा झाला. शेवटी तिने चुंबक बाबांपुढे धरला.

"अगं, माझा हात थरथरतो."

"तेवढंच तर मला जमत नाही, बाबा."