सीट मागे घ्या

"पासष्टीच्या बाईला ड्रायव्हर करून ठेवलंयस," आई गाडी सुरू करत म्हणाली. "लायसन्स काढ आता."

"आधी लर्निंग, मग क्लास, मग टेस्ट. एवढ्या खेपा कोण घालणार?" मी वैतागले. तिने नेहमीसारखं मला ऑफिसपाशी सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली.

आता आईच्याच गाडीवर शिकतेय. टेस्टमध्ये दोनदा नापास झालेय. भाऊ म्हणतो, "ताई, कशाला जीव काढतेस? विकून टाकू गाडी." मलाही तेच पटायला लागलंय. शिकवायला येणारे काटकर तर पार कंटाळलेत.

"मॅडम, गुडघे स्टिअरिंगला अडतायत. क्लच दाबणार कसा? सीट मागे घ्या की."

"असू दे."

"रोज हेच. एवढी पुढे ठेवलीय कुणासाठी?"

आई जेमतेम पाच फूट होती. मी चरफडत सीटखालचा दांडा ओढला. सीट मागे सरकली आणि गाडी पहिल्यांदाच गचका न खाता निघाली.

"मग, पुन्हा टेस्ट द्यायची?"

"द्यायची," मी म्हणाले. मग काटकर शेजारी असूनही मी मोठ्याने बोलले, "आई, मला शिकायचंच नव्हतं गं. तुझ्या शेजारी बसायला आवडायचं."