अक्षता हातात घे

“कहाणीतला शब्दही बदलणार नाही,” असं वचन सासूबाईंनी मालिनीबाईंकडून घेतलं होतं. पण गेली दोन वर्षं शुक्रवारची कहाणी भिंतीवरचं यंत्रच सांगायचं, ऐकणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत.

आज त्या कहाणीतल्या सुनेनं मार खाऊन वर नवऱ्याचीच माफी मागितली. माहेरी आलेल्या केतकीनं हातातल्या अक्षता खाली ठेवल्या. तिच्या गालावरचा वळ अजून निळा होता.

“आई, मीही उद्या जाऊन माफी मागते.”

मालिनीबाई यंत्राकडे वळल्या. “कहाणीतली सून तर घर सोडून गेली होती ना रे?”

“तसं सांगितलं की ऐकणाऱ्या अस्वस्थ होतात. माफीनं शांत होतात.”

“कुणाला शांत करतोस, मेल्या?”

त्यांनी वायर उपटली, केतकीच्या मुठीत पुन्हा अक्षता दिल्या आणि हळू आवाजात कहाणी पहिल्यापासून सांगायला घेतली.