दुसरी मार्गारेट

"सापडली!" देवश्री एवढ्या जोरात ओरडली की कणीक मळणाऱ्या मनोरमाबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या.

"काय गं? हॉस्पिटलमधून फोन?"

"नाही आई. माझी मार्गारेट सापडली."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. गेल्या आठवड्यात देवश्रीचा नवरा सुधीर हॅम्बर्गच्या यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, जिन्यावर कोसळला, तेव्हापासून फोन वाजला की दोघी हातातलं काम टाकून धावायच्या. तपासण्या झाल्या, हाती काही लागलं नाही. उद्या त्याला घरी सोडणार होते. डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट दोनदा विचारली होती: रक्ताच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? सुधीरने तो प्रश्न आईला मराठीत सांगितला आणि उत्तर स्वतःच दिलं. वडील पंचाहत्तरीत गेले, आणि ही आई, अजून लिफ्टशिवाय चार मजले चढते. मनोरमाबाई काही बोलल्या नव्हत्या. त्यांना जर्मन कुठे येत होतं?

देवश्रीची पीएचडी ट्यूडर राजांच्या काळातल्या एका इंग्लिश उमराव घराण्याच्या वंशावळीवर. नवरा हॉस्पिटलमध्ये असताना साडेचारशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांत डोकं घालणं तिच्या जिवावर येत होतं. पण रिकामं बसलं की मन नको तिथे धावायचं. म्हणून ती सकाळपासून लॅपटॉपला चिकटली होती.

"हे बघा. या लॉर्डसाहेबांची बायको मार्गारेट. आजवर सगळ्यांनी एकच धरली. पण तिची थडगी निघाली दोन, दोन वेगळ्या गावांत. म्हणजे बायका दोन, नाव एकच! पहिली तरुणपणी गेली, तान्हं मूल मागे ठेवून. दुसरीने ते वाढवलं. आणि लोकांनी दोघींची मिळून एकच बाई करून टाकली."

मनोरमाबाई खुर्चीवर टेकल्या. "मग आता त्या मुलाचं काय करणार तू?"

"त्याची रेघ पुसायची आणि पहिलीला जोडायची."

"आणि दुसरीला?"

"तिला कुठली रेघ? पोटचं मूलच नव्हतं तिला."

"वाढवल्याची रेघ नसते तुमच्यात?"

"वंशावळीत नसते, आई. तिथे रक्ताचीच."

"होतं तसंच राहू दिलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"असं कसं? मुलाचं आजोळच चुकलं असतं ना! त्याच्या रक्तात काय आलं, कुठून आलं, हे शोधणारे जन्मभर भलत्याच घरात शोधत राहिले असते."

मनोरमाबाई हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिल्या. देवश्रीला चुटपुट लागली. बोलण्याच्या भरात आपण यांना लागेल असं काही बोललो की काय? तिने उगीचच चहा टाकू का म्हणून विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"लग्नात यांनी तांदळात माझं नाव लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी माहेरची कुंदा. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, नाव नवीन नको, घरात होतं तेच, मनोरमा, चालवायचं. म्हणजे बाळाला कधी काही सांगावं लागणार नाही. आठ महिन्यांचा होता. त्याच महिन्यात आम्ही सांगली सोडली."

देवश्रीने लॅपटॉप मिटला.

"उद्या मला बरोबर ने. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, त्याला अजून सोडू नका." मनोरमाबाई खुर्चीवरून उठल्या. "सुधीरची आई सव्विसाव्या वर्षी गेली. पाणी भरता भरता, उभ्या उभ्या."