पिवळे बाण

ग्राफिक डिझाइनच्या अंतिम परीक्षेला सगळ्यांच्या भिंती पोस्टरांनी भरल्या होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीची मात्र कोरी. बाहेरून येणारे परीक्षक दरवर्षी विद्यापीठात अर्धा तास भरकटायचे आणि तो राग गुणांवर काढायचे. आज चक्क वेळेवर आले. कोरी भिंत बघून करवादले, "काम दाखव, नाहीतर नापास." ती म्हणाली, "सर, फाटकापासून इथवर रस्ता कुणाला विचारलात?" "कुणालाच नाही. पिवळे बाण लावलेत ना…" बोलता बोलता ते थांबले. खाली गेले, फाटकापासून एकेक बाण बघत परत आले आणि पैकीच्या पैकी गुण दिले. "हिला शिकवलं कुणी?" "मी," शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो. तीन वर्षं तिला 'अजून कमी कर' एवढंच शिकवत आलो. सकाळी ती भिंत पाहून मलाच घाम फुटला होता, हे मात्र सांगितलं नाही.